अभंग, ओवी आणि एक अपुरं काव्य

चोपड्याहून दक्षिणेला निघालं, तापी ओलांडली की पुढे धरणगाव लागतं. १३ ऑगस्ट १८९० रोजी इथं त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मला. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्या संमेलनाला पंचेचाळिशी गाठलेले एक कवी हजर होते. धर्मानं ख्रिस्ती, पेशानं पाळक आणि जन्मानं कोकणस्थ ब्राह्मण. रेव्हरंड नारायण वामन टिळक. पुढं हा मुलगा त्यांच्या अहमदनगरच्या घरी जाऊन राहिला.

श्रद्धा आणि निर्मिती यांनी माणसाचं मन ठिकाणावर येतं, असं सगळेच सांगतात. टिळकांच्या घरात ते कसं आलं आणि कुठं आलं नाही, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचा व्यासंग मोठा, शीघ्रकवित्व अंगचं आणि स्वभाव कमालीचा अस्थिर. आज या गावी नोकरी तर उद्या त्या गावी. हातात पैसा आला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेला गेलाच म्हणून समजा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. टिळक वाचू लागले ते वादाच्या तयारीनं, पण डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गृहस्थाचं भाकीत खरं ठरलं, पण स्वस्थता काही लगेच आली नाही. नातेवाईक तुटले, बायको-मुलगा दुरावले. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम धरलं, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक झाले. त्या काळच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली असत. शब्द मराठी आणि सूर परका. गाणाऱ्याची जीभ मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घावर अडखळायची. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी त्यापूर्वीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळक त्या वाटेनं गेले आणि तिथं त्यांना हरवलेलं घर सापडलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. नवा देव मिळाला म्हणून जुना अभंग टाकायचा नाही, हा त्यांचा निर्णय मला त्यांच्या बाप्तिस्म्याइतकाच धाडसाचा वाटतो, कारण त्याला दोन्हीकडून नाकं मुरडली जाणार होती.

अभंगात मात्र हा तापट, उतावळा माणूस निवळलेला दिसतो. ‘अभंगांजली’मध्ये तो भांडत नाही, कुणाला पटवून देत नाही, देवाशी बोलत बसतो. भूमिका बदलण्याची सवय आयुष्यभर सुटली नाही, १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पण गीतं लिहिण्याचं काम सुटलं नाही. मराठी मंडळ्यांच्या रविवारच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं की त्यांचं नाव आजही पुन्हा पुन्हा भेटतं.

बालकवींना हे समाधान लाभलं, असं म्हणवत नाही. टिळकांच्या घरात त्यांना माया मिळाली, कवितेचं कौतुक मिळालं. ते ख्रिस्ती झाले नाहीत. फुलांनी, झऱ्यांनी हरखून जाणाऱ्या त्यांच्या कवितेत पुढं उदासी दाटत गेली, ती कुणाच्या मायेनं हटली नाही. ५ मे १९१८ रोजी जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघं सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला मुंबईत टिळकांचंही निधन झालं.

टिळकांच्या घराबाहेरचंही एक उदाहरण पाहू. याच काळात पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाई संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांच्या ‘मुक्ती’ सदनातल्या बायका, त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या, तिथल्या छापखान्यात खिळे जुळवत. मराठीचा कंपोज म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, रफार सगळं वेगळं उचलून बसवायचं. नजर जरा हलली की शब्द बिघडला. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी प्रुफं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं.

आता टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळकांपेक्षा त्यांच्याविषयी अधिक बोलावं, असं मला नेहमी वाटतं.

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचं सोवळं असं कडक, की बाजारातून आणलेलं धान्य तर धुतलं जाईच, पण मीठसुद्धा पाण्यातून सुटत नसे. अशा घरातली मुलगी बाराव्या वर्षाच्या आसपास टिळकांच्या घरी आली. शाळा अशी झालीच नाही, अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त. पंढरपूर, नाशिक अशी त्यांची फरफट झाली. पुढं त्या नगरला टिळकांकडं गेल्या, पण स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळं. राहुरीला असताना एकदा त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला, की जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळालं आणि शिवाशीव संपली. १९०० मध्ये त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. उपदेशक कामी आले नाहीत, कामी आला तो त्यांचा स्वतःचा विचार.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतलं होतं. साडेदहा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. तो कागदांचा गठ्ठा लक्ष्मीबाईंनी उघडला. ज्यांनी शाळेची पायरी चढली नव्हती, त्या बाईनं पुढं चौसष्ट अध्याय रचले. ओवीचा बांधा पाहा. तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड, बिनयमकाचा, श्वास टाकायला जागा ठेवणारा. आपल्या खानदेशातल्या आयाबायांनी तो घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, घटवलेला आहे. लक्ष्मीबाईंहून बारा वर्षांनी लहान असलेल्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना तर लिहिताही येत नव्हतं, त्यांचंही मन ओवीतच वाहिलं. १६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही ओवीतच.

असं दीर्घ काव्य रचताना एका दिवसाला चार ओव्या होवोत की चाळीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच प्रसंगापाशी यावं लागतं. येशू गालील सोडून यरुशलेमेकडे निघाला असेल, तर लिहिणारीलाही त्याच्याबरोबर वाटेवर राहावं लागतं. वैधव्य, पैशांची ओढाताण, वाढतं वय, यांतलं काहीच या लेखनामुळे टळलं नाही. पण त्याची तक्रार त्यांच्या लिखाणाला चिकटलेली नाही. देवदत्तांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या, तेव्हा त्यांनी जे लिहिलं त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झालं, त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. नवऱ्याच्या धांदलींवर त्या त्यात मनसोक्त हसतात आणि स्वतःवर त्याहून जास्त.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’चा शेवटचा, शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ते काव्य तिघांच्या हातचं छापून बाहेर आलं.