टायरवरचे चार आकडे

भोरच्या आणि वेल्ह्याच्या सगळ्या गटांतल्या तायांना, मावश्यांना, काकूंना नमस्कार. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आपल्या तोंडात वेल्हेच बसलंय, तेव्हा चुकून तेच आलं तर सांभाळून घ्या.

आज मी गाडीच्या टायरवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई बचत, कर्ज, शेळ्या सोडून टायरवर कुठं घसरली? सांगते. मे २०२४ मध्ये आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं, "गाडीचा मागचा टायर." त्यांचे मालक रोज पहाटे गाडीला दुधाचे कॅन लावून डेअरीला जातात. परत आले की त्याच गाडीवर मागं ताई, मध्ये धाकटी पोरगी, असे कधी दवाखान्याला, कधी बाजाराला. टायर पार गुळगुळीत झाला होता आणि पावसाळा तोंडावर. गटानं कर्ज दिलं. त्यांच्या पुतण्यानं मोबाईलवर टायर मागवला. दुकानापेक्षा साडेतीनशे रुपये स्वस्त, आणि घरपोच.

टायर आला. कोरा करकरीत, वरचे रबराचे बारीक केससुद्धा तसेच. पुतण्या पंक्चरवाल्या दादांकडे घेऊन गेला. त्यांनी टायर फिरवून एका जागी अंगठा ठेवला आणि म्हणाले, "बसवायच्या आधी हे वाचा." तिथं चार आकडे होते. ३५१९.

हे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा, ऑगस्ट संपता संपता. म्हणजे 'नवा' टायर पावणेपाच वर्षांचा, लॉकडाऊनच्या आधीचा! टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बहुतेक वेळा लंबगोल चौकटीत, हे आकडे उठवलेले असतात. एका बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटा करून दुसरी बाजू बघायची. आपल्याला हे जड नाही. गॅसच्या टाकीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष असतं, ते आपण बघतोच की. फरक एवढाच, की टाकीवर पुढची तपासणी कधी करायची ते असतं आणि टायरवर तो कधी बनला ते. टायर कधी संपणार हे त्यावर कुठंही छापलेलं नसतं, म्हणून तर घोळ होतो.

आता खरा प्रश्न. न वापरलेला जुना टायर धोक्याचा का? ह्याचं उत्तर एका शब्दात 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. कुकरची रिंग आठवा. वापरून वापरून ती जाते हे खरं, पण नवी रिंग खिडकीत उन्हात पडून राहिली तरी ताठ होते, वाकवली की चिरते. रबराला ऊन, उष्णता आणि हवाच खाते. टायरच्या रबरात कंपनी एक मेणासारखा पदार्थ घालते. टायर रस्त्यावर फिरतो, दबतो, तसं ते मेण हळूहळू वर येऊन रबराला राखतं. टायर नुसता पडून असला की तेही नीट होत नाही. म्हणून दुकानाच्या दारात दोन उन्हाळे टांगलेला टायर वाईट, आणि अंधाऱ्या, कोरड्या, थंड गोदामात उभा ठेवलेला तेवढ्याच वयाचा टायर चांगला निघू शकतो. अगदी पाण्याच्या मोटरीजवळ टायर ठेवू नये म्हणतात, कारण तिच्या ठिणग्यांतून ओझोन वायू होतो आणि तो रबराला भेगा पाडतो. डिझेल, ऑईल लागलं तरी तेच. घरात जादा टायर घेऊन ठेवला असेल, तर तो कुठं आहे ते आज बघून घ्या.

ऑनलाईनची अडचण इथंच आहे. टायर कुठल्या गोदामात, कसा राहिला, हे आपल्याला कळत नाही. मोबाईलवरचा फोटो त्या जातीच्या टायरचा असतो, आपल्या हातात येणाऱ्या टायरचा नसतो. स्वस्त दिसला की आधी शंका घ्या, की पडून राहिलेला माल काढताहेत का.

मी स्वतः कुठं रेघ मारते ते सांगते. हा काही कायदा नाही, माझा हिशोब आहे. वर्ष-दोन वर्षांपर्यंतचा टायर बिनघोर घ्यावा. त्याच्या पुढचा असेल तर नीट तपासून, आणि पैसे कमी करून. चार-पाच वर्षांचा मी घेणार नाही, फुकट दिला तरी. वापरात पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी काढा, असं काही टायर कंपन्याच सांगतात. मग अर्धं आयुष्य गोदामात घालवलेला टायर आपण पूर्ण पैशानं का घ्यायचा?

तपासायचं कसं? उजेडात न्या. बाजूची भिंत हातानं दाबून वाकवा आणि नक्षीच्या खोबणीच्या तळाशी बघा. केसासारख्या भेगा दिसल्या तर विषय संपला. नख रुतवून बघा, रबर थोडं दबायला हवं. लाकडासारखं लागलं तर ओल्या रस्त्यावर ते धरणार नाही. नुसता तपकिरी रंग आला म्हणून घाबरू नका, ते बऱ्याचदा वर आलेलं मेणच असतं. आतली तारेची कडा कुठं मुडपली आहे का तेही बघा, कारण पाठवताना टायर दाबून, पट्ट्यांनी आवळून बांधतात. आयएसआयची खूण हवीच. दुचाकीच्या टायरला तिचा क्रमांक आयएस १५६२७ असतो.

माप जुन्या टायरवरूनच उतरवून घ्या, ८०/१००-१८ असं काहीतरी असेल. मापाच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं, तिकडं कोणी बघतच नाही. दुधवाल्यांनी तर बघायलाच हवं. ४७ असेल तर तो टायर १७५ किलो पेलतो, ५४ असेल तर २१२ किलो. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे दूधच ऐंशी किलोच्या वर. त्यात कॅनचं वजन, माणसाचं वजन, गाडीचा मागचा भार मिळवा. गटाचा हिशोब करतो तसाच करायचा.

मागवण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा, कुठल्या वर्षाचा टायर देणार? परतीची अट वाचा. वॉरंटी खरेदीपासून धरतात की बनवल्यापासून, तेही विचारा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, त्यात चार आकडे स्पष्ट येऊ द्या. आणि पटल्याशिवाय रिमवर चढवू नका. एकदा चढवला की परत घ्यायला कोणी बसलेलं नाही. तक्रार करायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. त्यानं भागलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही.

मैत्रिणींनो, गाडी घरातल्या पुरुषाच्या नावावर असते, टायर तोच ठरवतो, आपण मागं बसतो. त्यात आपण एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या. वरंध घाटात, पाबे घाटात जुलैच्या पावसात चाक सरकलं तर आधी कोण पडतं, हे मी सांगायला नको. म्हणून हे विचारणं आपलंही काम आहे. "तुला काय कळतंय त्यातलं" असं म्हणतील. त्या ताईंच्या घरीही म्हणाले होते.

त्यांचं पुढं काय झालं ते सांगते. टायर चढवला नव्हता, म्हणून परत गेला. विक्रेत्यानं आधी कां-कूं केलं, पण आकड्यांचा फोटो पाठवल्यावर पैसे आले, अकरा दिवसांनी. तोवर मालक दूध घेऊन शेजाऱ्याच्या गाडीवर जात होते. मग ताई स्वतः भोरला दुकानात गेल्या. दुकानदारानं टायर पुढं केला तशा खाली बसल्या आणि फिरवून आकडे शोधायला लागल्या. तो म्हणाला, "ताई, काय शोधताय?" त्या म्हणाल्या, "सापडलं. ०९२४. हा बांधा."