सेलवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालविताना

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी पिकाविषयी बोलणार नाही. गोठ्यातल्या खुंटीवर किंवा स्वयंपाकघरातल्या फळीवर जो रेडिओ असतो, त्याविषयी बोलणार आहे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव आणि शेतीविषयक कार्यक्रम ऐकण्यासाठी तो आजही अनेक घरांत लागतो. परंतु सेल संपले की रेडिओ गप्प बसतो. खरे पाहता, सेल ही वीज विकत घेण्याची फार महागडी रीत आहे. एका युनिटमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढी मिळवायला सुमारे शंभर मोठे सेल लागतील. उलट, रेडिओ रोज पाच तास घरच्या विजेवर लावला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. तेव्हा तो विजेवर चालवावा असे कोणालाही वाटेल, आणि ते अवघडही नाही. मात्र ज्या डबीतून वीज रेडिओत जाते, ती आतून कशी आहे हे आधी पाहावे.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. १९९७ साली आठवडी बाजारातून मी एक स्वस्त एलिमिनेटर आणला. हातात घेतला तर काड्यापेटीसारखा हलका. मला त्याचे कौतुकच वाटले. रेडिओ छान वाजू लागला. चार दिवसांनी आई भांडी घासता घासता उठली आणि ओल्या हातानेच स्टेशन नीट लागावे म्हणून एरियल फिरवू लागली. ती किंचाळली आणि मागे फेकली गेली. रेडिओ फळीवरून खाली पडला, पिन निघाली, म्हणून ती वाचली. तिच्या दोन बोटांवर डाग पुढे कित्येक महिने होते. नंतर मी ती डबी फोडून पाहिली. आत ट्रान्सफॉर्मर नव्हताच! एक कंडेन्सर आणि दोन-तीन डायोड, एवढेच. मी विद्युत विषय शिकलेला माणूस, आणि मीच ती वस्तू घरात आणली होती.

यात घडले काय, ते समजून घ्या. घरातली वीज २३० व्होल्टची असते. रेडिओला सेलमागे दीड व्होल्ट, म्हणजे चार सेलना सहा व्होल्ट पुरतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेगळी वेटोळी असतात आणि त्यांची तार एकमेकींना कुठेही जोडलेली नसते. म्हणून व्होल्टेज तर उतरतेच, शिवाय रेडिओ लाइनपासून तुटलेला राहतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या डबीतही व्होल्टेज उतरते, पण रेडिओची एक बाजू थेट लाइनशी जोडलेली राहते. मग एरियल, कानात घालायचा फोन, मागचा स्क्रू, यांपैकी कशालाही हात लागला तरी झटका बसू शकतो. गोठ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तो जीवघेणा ठरेल.

म्हणून विकत घेताना वजन पाहा. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर हाताला जड लागतो. मोबाइलच्या चार्जरसारखे हलके अडॅप्टरही चांगल्या बनावटीचे असले तर आतून लाइनपासून वेगळे केलेले असतात. पण चांगला कोणता आणि फसवा कोणता, हे बाहेरून कळत नाही. शिवाय असे चार्जर मध्यम लहरींवर रेडिओत खरखर आणतात. रेडिओसाठी जडच बरा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. साध्या एलिमिनेटरवर सहा व्होल्ट लिहिलेले असते, पण रेडिओ हळू आवाजात असताना तो नऊ व्होल्टही देतो. गावात रात्री व्होल्टेज चढले तर आणखी जास्त. यासाठी ‘रेग्युलेटेड’ असे लिहिलेलाच घ्यावा. गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून करवून घ्यायचा असेल तर त्याला सांगा: बारा व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर आणि ७८०६ नावाचा रेग्युलेटर, त्याला ॲल्युमिनियमची लहान पट्टी. तो म्हणेल, सहासाठी बारा कशाला, नऊ पुरे. शहरात पुरेलही. पण आपल्याकडे संध्याकाळी पिठाची गिरणी आणि सगळ्यांचे दिवे एकदम सुरू झाले की व्होल्टेज १७० पर्यंत उतरते. रेग्युलेटरला सहा देण्यासाठी आत किमान आठ व्होल्ट लागतात. नऊचा ट्रान्सफॉर्मर तेव्हा कमी पडतो आणि रेडिओ घुमू लागतो. बाराचा दीडशेपर्यंत तग धरतो. २३० व्होल्टची बाजू बंद प्लॅस्टिकच्या डबीत असावी, तिला फ्यूज असावा, आणि ते काम जाणकारानेच करावे.

आता जोडणी. रेडिओला अडॅप्टरचे भोक असेल तर त्याच्याजवळ मधला बिंदू धन की ऋण ते चित्राने दाखविलेले असते. अडॅप्टरवरचे चित्र तसेच असले पाहिजे. उलटे जोडले तर रेडिओतला आयसी क्षणात जातो. भोक नसेल तर रेडिओ उघडण्याची गरज नाही. लाकडाचे दोन खोटे सेल तासून घ्या. मोठ्या सेलची जाडी सुमारे ३३ मिलिमीटर आणि लांबी ६१ मिलिमीटर असते. प्रत्येकाच्या टोकाला पितळी स्क्रू बसवून त्याला अडॅप्टरची एकेक तार बांधा. सेलच्या घरात ज्या दोन पट्ट्यांपासून तारा आत रेडिओत जातात, त्यांनाच हे स्क्रू टेकले पाहिजेत. त्यांतली स्प्रिंगची बाजू ऋण, सपाट पत्र्याची धन. मधल्या पट्ट्या नुसत्या सेल एकमेकांना जोडण्यासाठी असतात, त्या रिकाम्या राहू द्या. पहिल्यांदा लावण्यापूर्वी मल्टिमीटरने तारांची धन-ऋण बाजू आणि व्होल्टेज तपासून घ्या.

खोटे सेल वापरताना खरे सेल आपोआप बाहेरच राहतात, हे चांगलेच आहे. भोकातून जोडणाऱ्यांनी मात्र सेल काढून ठेवावेत. काही रेडिओंत पिन घातल्यावर सेल आपोआप सुटतात, काहींत नाही. न सुटल्यास अडॅप्टर त्या सेलमध्ये वीज कोंबत राहतो, सेल तापून फुगतात आणि त्यांचे पाणी रेडिओच्या पट्ट्या खाऊन टाकते. भारनियमनाच्या वेळेसाठी सेलचा एक जोड डब्यात कोरडा ठेवा, म्हणजे वीज गेली तरी बातम्या चुकणार नाहीत.

भिंतीवरच्या घड्याळाचे काय, असे काही जण विचारतात. त्याला एक सेल वर्षभर पुरतो, त्याच्यामागे लागू नका. हातातली बॅटरी आणि पाठीवरचा फवारणी पंप यांना तर कधीच तार जोडू नये; ही ओल्यात आणि उघड्यावर वापरायची साधने आहेत.

रेडिओ बंद केला तरी अडॅप्टर भिंतीत राहिला तर तो रात्रंदिवस थोडी वीज खात राहतो. महिन्याला सुमारे एक युनिट, म्हणजे रेडिओ ऐकण्यापेक्षा जास्त. खटका बंद करा. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या तर पिनच काढून ठेवा. आणि अडॅप्टर गोठ्यात नव्हे, घरात कोरड्या भिंतीवर, लहान मुलांच्या हाताला येणार नाही एवढ्या उंचीवर लावा. गोठ्यात रेडिओ हवा असेल तर तिथे सेलवरच वाजू द्या.