उभ्या गाडीची बॅटरी



आमच्या बचत गटाची एक जुनी पिकअप आहे. उन्हाळाभर ती पापड-मसाला घेऊन आठवडी बाजारांना फिरते. पावसाळ्यात काम थांबतं आणि गाडी शेडखाली उभी राहते. गेल्या श्रावणात एका रात्री गटातल्या एकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. चावी फिरवली तर नुसती टकटक. चिखलात धक्काही मारता येईना. शेवटी शेजारच्या वाडीतून ट्रॅक्टर आणला, त्याच्या बॅटरीला वायरी जोडल्या, तेव्हा गाडी सुरू झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास आम्ही विसरलो नाही.

मेकॅनिक म्हणाला, बॅटरी उतरली होती. गाडी बंद असली तरी घड्याळ, टेप थोडी थोडी वीज खातात, आणि बॅटरी आपली आपणही उतरते. तशीच पडून राहिली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो. मग ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही.

आता आम्ही पाळ्या लावल्या आहेत. दर शनिवारी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणायची. जागेवर इंजिन चालू ठेवून बॅटरी फारशी भरत नाही. महिन्यातून एकदा मीटर लावून बघतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12.4 च्या खाली गेले तर चार्जिंगला द्यायची.

झाकणांची बॅटरी असेल तर पाणी बघा. खुणेपर्यंत फक्त बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं, विहिरीचं नको. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर वायरी सोडवून, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा. तो आत जाऊ देऊ नका. कोरडं करून, वायरी बसवून वर व्हॅसलीन लावा.

गाडी महिनाभर लागणारच नसेल, तर वायर काढून ठेवा. काढताना आधी मायनसची काळी, लावताना काळी शेवटी. हातातल्या बांगड्या आधी उतरवा. जवळ विडी-काडी, दिवा नको. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. आतलं पाणी म्हणजे ॲसिड. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

पूर्वी बॉनेट उघडणं हे ड्रायव्हरचं काम, असं आम्हीही म्हणायचो. आता बैठकीच्या वहीत हप्त्यांच्या खाली बॅटरीचा आकडा लिहितो. तुमच्या गटाची गाडी उभी असेल, तर येत्या शनिवारी एकदा चावी फिरवून बघा.