एक एमबीची कसरत

आज बोलूया वायफायवर चालणाऱ्या स्विचच्या पोटातल्या सॉफ्टवेअरबद्दल, म्हणजे फर्मवेअरबद्दल. दिवसा मी बॅकएंडचं काम करतो, हे रात्रीचं वेड.

रिव्हॉल्व नावाचा एक हब अमेरिकेत मिळायचा, साधारण तीनशे डॉलरला. घरातले दिवे, कुलपं त्यावरून चालायची. नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद करून टाकला. डबा ठणठणीत, पण निकामी! पैसे गिऱ्हाईकाचे आणि चावी भलत्याकडेच.

ही चावी परत मिळवायचा एक रस्ता म्हणजे टास्मोटा. थिओ आरेंड्स यांनी सोनॉफच्या स्वस्त स्विचसाठी सुरू केलेलं हे ओपन सोर्स फर्मवेअर. आत चिप असते एस्प्रेसिफची ईएसपी८२६६. मूळ फर्मवेअर पुसून हे घातलं, घरातल्याच रास्पबेरी पायवर एमक्यूटीटी ब्रोकर चालवला, की इंटरनेट गेलं तरी काही अडत नाही. राउटर चालू असला की बास.

आता खरी गंमत. सोनॉफ बेसिकमध्ये फ्लॅश मेमरी फक्त १ एमबी. टास्मोटाची नेहमीची फाइल ६०० केबीच्या वर. वायफायवरून अपडेट करताना नवीन फाइल आधी जुनीच्या शेजारी, मोकळ्या जागेत उतरवावी लागते. दोन्ही मावणार कशा? मग आधी 'मिनिमल' नावाची छोटी फाइल चढवायची, जिचं काम फक्त पुढचं अपडेट घेणं. तिने जागा मोकळी केली की मग पूर्ण फाइल. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये कपाट हलवायचं तर आधी पलंग बाहेर काढतात ना, तसं!

फाइल उतरली की रीस्टार्टला बूटलोडर ती मूळ जागेवर कॉपी करतो. धोका इथे आहे. कॉपी करायचा निरोप ठेवलेला असतो आरटीसी मेमरीत, आणि वीज गेली की ती मेमरी पुसली जाते. त्या काही सेकंदांत लाइट गेली तर अर्धं नवं, अर्धं जुनं, आणि स्विच मुका. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येतं का? ईएसपी३२ वर दोन वेगळे कप्पे ठेवता येतात. नवं चाललं नाही तर जुन्यावर परत जायची सोय करता येते. ८२६६ वर हा आराम नाही.

म्हणून एखाद्या फीचरला नाही म्हणणारे मेंटेनर मला खडूस वाटत नाहीत. कोणाला तरी एका सेन्सरचा सपोर्ट हवा असतो, पण ते वाढलेले बाइट सगळ्यांच्याच १ एमबीत जाणार. त्यापेक्षा तेवढा सेन्सर चालू करून स्वतःचं बिल्ड करावं. कोड उघडा आहे, अडवतंय कोण?

अपडेट फसलंच तर स्विच उघडून यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडायचा, ३.३ व्होल्टवर. पॉवर देताना बटण दाबून धरायचं, कारण ते जीपीआयओ शून्यला जोडलेलं आहे. चिप फ्लॅशिंग मोडमध्ये जाते. पण हे करताना स्विच २३० व्होल्टच्या लाइनपासून पूर्ण सुटा हवा. आतलं सर्किट मेनपासून वेगळं केलेलं नसतं, ग्राउंडच्या पिनलाही करंट असू शकतो. लॅपटॉप जाईल ते जाईल, हात आधी जाईल.