डिझेल मोटारीला बाटलींतील औषध हवें काय?



पुण्यांतील कर्वेनगर ही वस्ती महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या नांवानें ओळखली जाते. त्यांनीं 1896 सालीं काढलेला आश्रम 1900 सालीं येथील हिंगण्याच्या माळावर आला. त्याच संस्थेनें 1991 सालीं येथें मुलींसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालय उघडलें, आणि त्याला नांव आहे डिझेल इंजिनें बनविणाऱ्या कमिन्स कारखानदारांचें. जवळच्या वेताळ टेकडीवर मोटारींची परीक्षा करणारी, 1966 सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. यंत्रविद्या अशी उशाशीं नांदत असतांहि तेथील घरांत एक प्रश्न बहुधा अंदाजानेंच सोडविला जातो. मोटारीच्या टाकींत अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतावी कीं ओतूं नये? विकणारा तिचे गुण सांगतो, शेजारी आपल्या मोटारीचा दाखला देतो, आणि पैसे खर्च होतात. उत्तर देण्यापूर्वीं इंजिनाची गरज काय, हें पाहिलें पाहिजे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापविली जाते कीं, तींत तेलाचा फवारा सुटतांच तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यानें असें इंजिन जर्मनींत 1897 सालीं यशस्वी करून दाखविलें. तत्त्व आजहि तेंच आहे. फवारा मात्र फार सूक्ष्म झाला आहे. आधुनिक इंजेक्टरच्या तोंडाचीं छिद्रें मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढीं असतात, आणि डिझेल त्यांतून हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींच्या आसपास दाबानें सुटतें. तेथें थोडी काजळी बसली तरी फवारा बिघडतो, ताकद घटते आणि धूर वाढतो.

पंपावरचें डिझेल म्हणजे केवळ शुद्ध केलेलें खनिज तेल, अशी अनेकांची समजूत असते. ती आतां खरी नाहीं. पुण्यांत 2010 सालीं ‘भारत स्टेज चार’ प्रतीचें इंधन आलें. त्यांत गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 50 भाग होती. 1 एप्रिल 2020 पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ लागू झाल्यावर ती 10 भागांवर आली. गंधक काढण्याच्या क्रियेंत तेलाचा अंगचा वंगणगुणहि कमी होतो. म्हणून शुद्धीकरण कारखाना जरुरीप्रमाणें तो गुण आणणारें द्रव्य स्वतःच मिसळतो. तेल किती सहज पेटतें हें सांगणारा सीटेन अंक निदान 51 असावा, असाहि दंडक आहे. बाटलीवर ज्या गुणांची जाहिरात असते, त्यांपैकीं वंगण आणि प्रज्वलन हे दोन गुण टाकींत अशा रीतीनें आधींच आलेले असतात.

राहिला तिसरा गुण, सफाईचा. हा खरा उपयोगी आहे. इंजेक्टरवर काजळी धरली असेल, तर चांगलें शोधक द्रव्य ती हळूहळू सोडवितें आणि गेलेली ताकद बरीचशी परत येते. पण गेलेलें तेवढेंच परत येतें. मुळांत नसलेलें बळ त्यानें येत नाहीं. झिजलेला भाग, गळकें सील किंवा थकलेला पंप कोणत्याहि रसायनानें भरून निघत नाहीं. अशा वेळीं बाटलीवर घालविलेले दोन महिने दुरुस्तीचा खर्च मात्र वाढवितात.

आतां हिशेब पाहा. समजा, बाटली 500 रुपयांची असून ती 50 लिटरांना पुरते, आणि डिझेल लिटरला 90 रुपये आहे. टाकीभर डिझेलचे झाले 4,500 रुपये. बाटलीची किंमत वसूल व्हावयाची, तर तेवढ्याच डिझेलांत मोटार शेंकडा 11 हून अधिक अंतर जादा गेली पाहिजे. निरोगी इंजिनाकडून अशी अपेक्षा व्यर्थ होय. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें इंधनबचतीचा दावा करणारीं शंभराहून अधिक साधनें तपासलीं. फार थोड्यांत लाभ आढळला, आणि तोहि किरकोळच. ज्यास स्वतः पडताळा पाहावयाचा असेल, त्यानें टाकी काठोकाठ भरून, नेहमींच्याच रस्त्यावर, चार टाक्या बाटलीशिवाय व चार बाटलीसह चालवाव्या आणि किलोमीटर वहींत लिहावे.

आजच्या मोटारींचें मोठें दुखणें निराळेंच आहे. धुरांतील काजळी अडविणारी डीपीएफ नांवाची गाळणी सुमारें 600 अंश उष्णता मिळाली म्हणजे स्वतःतील काजळी जाळून मोकळी होते. कर्वेनगरांतून डेक्कनपर्यंत थांबत थांबत जाणाऱ्या मोटारीस ती उष्णता क्वचितच मिळते, आणि गाळणी तुंबते. फ्रान्समधील प्युजो कारखान्यानें 2000 सालीं सीरियमयुक्त द्रव्य वापरून ही काजळी कमी उष्णतेंत जळेल अशी योजना केली. पण तेथें मोटारच तें द्रव्य मोजून घेते. इतरांनीं अधूनमधून महामार्गावर सलग अर्धा तास मोटार चालविणें अधिक गुणकारी. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला देणारेहि भेटतात. तो कोणीं मानूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2012 सालीं डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला आहे, आणि तो धूर शाळेच्या वाटेनें चालणाऱ्या मुलांच्या छातींत जातो.

आणखी एक सावधगिरी. युरियाचें द्रावण असलेलें डीईएफ हें इंधनांत घालावयाचें द्रव्य नव्हे. त्याची टाकी वेगळी असते. चुकून तें डिझेलच्या टाकींत पडलें, तर इंजिन सुरू न करतां मोटार कारखान्यांत न्यावी.

तात्पर्य, निरोगी मोटारीस चांगल्या पंपावरचें डिझेल, वेळेवर बदललेला फिल्टर आणि त्यांत सांचलेल्या पाण्याचा निचरा एवढें पुरे आहे. ताकद घटल्यास प्रथम तपासणी करावी. काजळीचें निदान झालें, तर मोटारीच्या पुस्तिकेंत परवानगी असलेलें शोधक द्रव्य सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. निदानावांचून घेतलेल्या बाटल्यांचे पैसे दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवणें, हेंच गृहस्थाच्या हिताचें आहे.