आता तू सांग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



काल धर्मापुरीत उतरलो, आज सकाळी केदारेश्वराचं दर्शन घेतलं आणि इथे आलो. दारातच एकाने विचारलं, "तू हॉटेलात नेमकं करतोस काय? भाज्या?" खरं सांगू? आता भाज्या कमी करतो, माणसं जास्त निवडतो. म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

दहावीच्या निरोप समारंभाचं वरण आठवतंय ना? मीठ मी टाकलं होतं. ते दुसऱ्यानेही टाकलं. तिसऱ्याने तर "राहिलं असेल" म्हणून टाकलं. कुणी कुणाला विचारलं नाही. तेव्हा आपण हसलो. माझ्या धंद्यात मात्र अशी चूक हसण्यावारी जात नाही.

मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मुख्य शेफच्या खालोखाल सू शेफ असतो. फ्रेंचमध्ये 'सू' म्हणजे खालचा. १८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेलेल्या एस्कॉफिए या फ्रेंच शेफने स्वयंपाकघराची ही उतरंड नीट बसवली. तो आधी सैन्यात स्वयंपाकी होता, त्यामुळे शिस्त लष्करी. पण आरडाओरडा आणि शिवीगाळ त्याला बिलकूल खपत नसे. आमच्या धंद्याने त्याची शिस्त उचलली, शांतता मात्र बऱ्याच ठिकाणी विसरली.

काही वर्षांपूर्वी मी एक सू शेफ निवडला. त्याच्या हाताला काय चव होती! दोन पदार्थ करून घेतले, चाखले आणि त्याच दिवशी होकार दिला. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी एका पाहुण्यांनी वेटरला बजावलं, "मला शेंगदाणा चालत नाही." निरोप सू शेफकडे आला. त्याने तो भट्टीच्या आवाजात लांबूनच ओरडून पोरापर्यंत पोचवला. पोरगा नवा, परराज्यातला. तो म्हणाला, "हो शेफ." ताट गेलं. त्यातल्या भाजीत कूट होतं.

पाहुण्यांचे ओठ सुजले, श्वास लागला. दवाखान्यात न्यावं लागलं. वेळेवर उपचार झाले, ते वाचले. रात्री पोराला जवळ बसवून विचारलं, "कळलं नव्हतं तर परत का नाही विचारलंस?" तो खाली मान घालून म्हणाला, "परत विचारलं की शिव्या बसतात, साहेब."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक पोराची नव्हती, एकट्या सू शेफचीही नव्हती. मी त्याचा हात पाहिला होता, तो माणसांशी बोलतो कसा हे पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी परीक्षा बदलली. चव बघतोच, पण त्यानंतर उमेदवाराला एक संध्याकाळ आमच्या माणसांबरोबर काम करायला लावतो. आधी म्हणतो, "आज १२० पाहुणे आहेत, मासळी कमी आली आहे, पाच जणांना पाच मिनिटांत कामं वाटून द्या." काही जण भाषण ठोकतात. चांगला माणूस प्रत्येकाला नावाने हाक मारतो, एकेकाला एकेकच काम सांगतो. मग एका नव्या पोराला पदार्थ शिकवायला लावतो. ऐन गर्दीत मुद्दाम एक चुकीचं ताट त्याच्यापुढे ठेवतो. तो आधी ताट थांबवतो की माणसावर तुटून पडतो, हे बघतो. शेवटी विचारतो, "तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा." ज्याला एकही आठवत नाही, त्याला मी घेत नाही. आणि जाताना भांडी घासणाऱ्या मावशींना हळूच विचारतो, "काय हो, कसा वाटला माणूस?" मावशींचा अंदाज सहसा चुकत नाही.

पण सगळ्यात मोठी खूण वेगळीच आहे. शिकवून झाल्यावर बहुतेक जण पोराला विचारतात, "कळलं का?" पोरगा "हो" म्हणतो. भ्यालेला माणूस नेहमीच "हो" म्हणतो. मी वाट बघतो ती एका वाक्याची: "आता तू सांग, काय करायचं ते."

गणिताचे सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. हे वाक्य तुमचं आहे. तुम्ही कधीच "कळलं का?" विचारलं नाहीत. खडू आमच्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "आता तू सांग." फळ्यापुढे मी कितीदा अडखळलो, पण तुम्ही हसला नाहीत, ओरडला नाहीत, अडलं तिथून पुन्हा सुरू केलंत. आता आमच्या स्वयंपाकघरात नियम आहे: नुसतं "हो शेफ" चालत नाही, ऐकलेला निरोप परत बोलून दाखवायचा. पाहुण्याला न चालणारा जिन्नस असेल तर दोनदा. आणि परत विचारणाऱ्यावर कुणी ओरडायचं नाही, मीसुद्धा नाही.

आपल्यापैकी कुणी दुकान चालवतं, कुणी शाळा, कुणाच्या शेतात माणसं कामाला असतात. हाताखाली माणूस घेताना त्याचं काम बघाच. पण त्याच्या हाताखालच्यांना त्याला परत विचारायची भीती वाटेल का, तेही बघा.

आता फार बोलत नाही, पंगत खोळंबली आहे. वरणात मीठ कुणी टाकलं, हे मी सकाळीच विचारून घेतलंय. एकानेच टाकलंय!