आतड्यांच्या दाहावर रक्तशोधन : स्वागताध्यक्षांचे मनोगत



 डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिरजेत रुग्णालय उभारले आणि हे गाव दुखणेकऱ्यांचे गाव झाले. शेजारच्या वॉन्लेसवाडीला क्षयाचे आरोग्यधाम झाले. क्षयाचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. आज दुपारच्या चर्चेशी त्याचा थेट संबंध आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह आणि व्रण, हा परदेशातला आजार, असे आम्हाला शिकवले गेले. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी तपासणी केली आणि २००३ मध्ये लाखामागे सुमारे ४४ रुग्ण असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा तो समज कायमचा गेला. या आजाराचा रुग्ण एसटीत बसण्याआधी वाटेत संडास कुठे कुठे आहे याचा हिशेब करतो. स्टिरॉइडने तोंड सुजलेली मुलगी लग्नाकार्याला जायचे टाळते. औषध कमी केले की रक्त पुन्हा सुरू. अशा रुग्णाला पुढे काय द्यायचे, यासाठी आपण जमलो आहोत.

जपानने एक वेगळी वाट काढली. एका हाताच्या शिरेतून रक्त काढायचे, सेल्युलोज ॲसिटेटच्या बारीक मण्यांनी भरलेल्या कॉलममधून फिरवायचे आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून परत सोडायचे. मिनिटाला ३० मिलिलिटर, तासाभरात १.८ लिटर. दाह पेटवणाऱ्या ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट पेशी मण्यांना चिकटतात. लिम्फोसाइट बहुतांशी तशाच पुढे जातात. हा ॲडाकॉलम तिथे २००० च्या सुमारास सरकारी विम्याखाली आला. डोके दुखणे, थोडी चक्कर, याहून मोठा त्रास सहसा होत नाही.

मात्र इथे कोणी चमत्काराची बातमी घेऊन जाऊ नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना खरे रक्तशोधन दिले, काहींवर फक्त त्याचा देखावा केला, आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यानंतर २००९ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवले की, आठवड्यातून एकदा ऐवजी दोनदा केले तर ७१ टक्के रुग्णांचा आजार शांत होतो. एकदा केल्यास ५४. पण त्या तुलनेत देखाव्याचा गट नव्हता. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवूनच रुग्णाशी बोलले पाहिजे. कोणाला उपयोग होईल हे आधी ओळखता आले, तर निम्मा वाद मिटेल.

आता क्षय. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे दाह उत्तम आवरतात, पण शरीरात दबून बसलेला क्षय उठवू शकतात. हा धोका २००१ पासून नोंदला गेला आहे. आपल्याकडे क्रोन्स (आतड्यांच्या दाहाचा दुसरा प्रकार) आणि आतड्याचा क्षय यांत फरक करतानाच भल्याभल्यांची कसोटी लागते; तिथे रक्तशोधनासारखा प्रतिकारशक्ती न दाबणारा उपचार नुसता पर्याय म्हणून बाजूला टाकता येत नाही. मोठ्या प्रयोगशाळेवाचून तो करता येतो. सुईची सवय असलेल्या परिचारिका डायलिसिसमुळे तालुक्यातही तयार झाल्या आहेत. अडचण कॉलमची आहे. तो एकदाच वापरायचा, आणि एका रुग्णाला असे पाच ते दहा लागतात. शेती करणाऱ्या कुटुंबाने हा खर्च कुठून करायचा, याचे उत्तर परिषदेने शोधायला हवे. किंमत ऐकून मान खाली घालणारे वडील माझ्यासमोर बसतात. त्यांना मी काय सांगू?

दुपारच्या सत्रात रुग्ण पहिल्या रांगेत बसतील. त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत, तज्ज्ञांचे नंतर, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.  उद्घाटनासाठी मी अध्यक्षांना पाचारण करतो.